बंद पडलेला माऊस भंगारात देताय? आधी तो उघडून बघा, बिघाड बऱ्याचदा एवढासाच असतो

प्रत्येक घरात एक ड्रॉवर असतो. त्यात बंद पडलेला माऊस, दोन बटणं न चालणारा कीबोर्ड, कुठल्या तरी जुन्या प्रिंटरची केबल, एकाच कानात वाजणारा हेडफोन असा सगळा गोतावळा असतो. दिवाळीच्या साफसफाईत तो ड्रॉवर उघडला जातो. आई विचारते, "हे काय करायचं?" आपण म्हणतो, "राहू दे, लागेल कधीतरी." आणि ड्रॉवर पुन्हा बंद.

माझा माऊस एका क्लिकचे दोन क्लिक करायला लागला, तेव्हा मीही नवीन मागवायला निघाले होते. फाइल नुसती सिलेक्ट करायला जावं तर ती उघडायची. म्हटलं, टाकायचाच आहे तर एकदा उघडून तरी बघू. उघडल्यावर कळलं की सगळा माऊस ठणठणीत आहे, बिघडलाय तो फक्त नखाएवढा एक स्विच.

म्हणूनच आजचा विषय. जुन्या माऊस-कीबोर्डच्या आत काय असतं, त्यातलं काय वापरता येतं आणि कुठल्या वस्तूला अजिबात हात लावायचा नाही?

माऊसमध्ये नेमकं काय बिघडतं?

डग्लस एंगलबर्ट यांच्या टीमने १९६४ मध्ये पहिला माऊस बनवला, तेव्हा तो लाकडी खोका होता आणि खाली दोन चाकं होती. ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी तो लोकांसमोर चालवून दाखवला. पुढे चाकं जाऊन रबरी बॉल आला, मग बॉल जाऊन लाईट आला.

आजच्या माऊसच्या पोटात खरं तर एक छोटा कॅमेरा असतो. तो खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारापेक्षा जास्त फोटो काढतो आणि एका फोटोपासून दुसऱ्यापर्यंत खुणा किती सरकल्या ते मोजतो. गंमत म्हणजे हा सगळ्यात हुशार भाग सहसा बिघडत नाही. बिघडतात त्या दोन साध्या गोष्टी, एक म्हणजे क्लिकचा स्विच आणि दुसरी केबल.

स्विचच्या आत धातूची एक बारीक पट्टी असते. दाबलं की ती खाली टेकते. टेकताना ती क्षणभर थरथरते. ही थरथर अगदी काही मिलिसेकंदांची असते आणि माऊसची चिप तिच्याकडे दुर्लक्ष करते. पण लाखो क्लिक झाल्यावर पट्टी थकते, थरथर लांबते आणि चिपला वाटतं की आपण दोनदा दाबलं. हाच तो डबल क्लिकचा रोग.

उपाय काय? माऊसच्या खालच्या गुळगुळीत पट्ट्या किंवा स्टिकर अलगद उचला, स्क्रू बहुतेक तिथेच लपलेले असतात. आत डाव्या आणि उजव्या क्लिकचे स्विच बहुतेक माऊसमध्ये सारखेच असतात. उजवा क्लिक आपण कमी वापरतो, म्हणून तो स्विच जास्त ताजा असतो. सोल्डरिंग येत असेल तर दोघांची अदलाबदल करा. नवीन काहीही विकत घ्यावं लागत नाही. नवीनच स्विच हवा असेल तर मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली किंवा तुमच्या गावातलं इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचं दुकान आहेच.

माऊस मध्येच चालतो, मध्येच बंद होतो? मग केबल तपासा. ती माऊसमध्ये शिरते तिथे वाकून वाकून आतली तार तुटते. केबल हलवल्यावर माऊस जागा झाला की समजायचं. तेवढा तुकडा कापून रंगाला रंग जोडला की काम होतं. साधारणपणे लाल तार ५ व्होल्टची, काळी ग्राउंडची, हिरवी आणि पांढरी डेटाची असते. पण स्वस्त केबलमध्ये रंगांचा भरवसा नसतो, मल्टीमीटरने खात्री करा.

एक मात्र बघा, वस्तू वॉरंटीत असेल तर स्क्रूला हात लावू नका. आधी कंपनीकडून बदलून घ्या.

दुरुस्त झाला नाही तर?

इथून पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

अर्धांगवायूचा झटका आलेल्या किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या अनेकांना बोटांनी माऊस धरता येत नाही. पण तळहाताने, कोपराने किंवा पायाने एखादं मोठं बटण दाबता येतं. बोलणंही अवघड असेल, तर ते एक बटण म्हणजे घरच्यांशी बोलण्याचा रस्ता असतो. असे स्विच तयार मिळतात, पण बरेचसे परदेशी बनावटीचे आणि महाग असतात.

कर्सर नीट हलत नसला तरी क्लिक पोचवणारा जुना यूएसबी माऊस हेच काम करू शकतो. डाव्या क्लिकच्या स्विचचे जे दोन पाय दाबल्यावर जोडले जातात, त्यांना दोन तारा सोल्डर करून बाहेर काढायच्या आणि त्या एका मोठ्या बटणाला जोडायच्या. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारं नवीन डोअरबेलचं बटणसुद्धा चालतं. बटण फक्त या दोन तारांनाच जोडायचं, घरातल्या वायरिंगशी त्याचा काहीही संबंध येऊ द्यायचा नाही. माऊस कॉम्प्युटरला लावला की त्या बटणावर थाप मारली म्हणजे डावा क्लिक झाला.

एका क्लिकने काय होणार? विंडोजमध्ये ऑन-स्क्रीन कीबोर्ड असतो. त्याच्या सेटिंगमध्ये की आपोआप स्कॅन करायचा पर्याय आहे. तो चालू केला की कीबोर्डच्या ओळी एकामागून एक उजळतात. हवी ती ओळ आली की बटण दाबायचं, मग त्या ओळीतलं हवं ते अक्षर आलं की पुन्हा दाबायचं. वेळ लागतो, पण "पाणी हवंय" हे माणूस स्वतः लिहू शकतो.

मोबाईलवर हेच करायचं असेल तर जुना कीबोर्ड कामाला येतो. साध्या कीबोर्डच्या आत प्लास्टिकचे पातळ कागद असतात, त्यावर छापलेलं सर्किट असतं आणि कोपऱ्यात एक छोटा बोर्ड असतो. चहा सांडून कागद खराब झाले तरी बोर्ड बऱ्याचदा जिवंत असतो. त्याच्या कडेला ओळीने जोडबिंदू असतात. त्यातले ठरावीक दोन बिंदू एकमेकांना टेकले की एक अक्षर उमटतं. नोटपॅड उघडा, तारेच्या तुकड्याने दोन-दोन बिंदू जोडून बघा आणि कुठल्या जोडीला काय उमटतं ते वहीत लिहून ठेवा. स्पेस किंवा एंटरची जोडी सापडली की तिथे बटण जोडा. ओटीजी केबलने तो बोर्ड फोनला लावता येतो. अँड्रॉइडमध्ये स्विच अ‍ॅक्सेस नावाची सोय आहे, तिच्यात हीच की निवडायची.

घरात खरंच कुणासाठी हे करत असाल तर ऑक्युपेशनल थेरपिस्टला जरूर विचारा. कुठल्या हालचालीने बटण दाबलं तर त्रास होणार नाही, हे ते सांगू शकतात.

बाकीच्या सामानाचं काय?

जुन्या लॅपटॉपमधली चालू हार्ड डिस्क काढून यूएसबी केसमध्ये घातली की ती एक्स्टर्नल ड्राइव्ह होते. मात्र जुन्या डिस्कवर एकमेव कॉपी ठेवू नका. पूर्ण मेलेल्या हार्ड डिस्कमध्ये निओडिमियमचे जबरदस्त लोहचुंबक असतात. दुकानात सांडलेले स्क्रू गोळा करायला ते उत्तम. पण दोन चुंबकांच्या मध्ये बोट आलं तर चांगलंच चिमटतं, आणि लहान मुलांच्या हाती ते देऊच नका.

सीपीयूच्या कॅबिनेटमधला पंखा बहुतेक १२ व्होल्टचा असतो. जुन्या राउटरच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट डीसी लिहिलेलं असेल तर त्यावर तो चालतो. सोल्डरिंगचा धूर तोंडापासून दूर ओढायला याहून स्वस्त सोय नाही.

इथे मात्र स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा

यूएसबीवर चालणाऱ्या वस्तू प्लग काढल्यावर निरुपद्रवी होतात. सगळ्याच वस्तू तशा नसतात.

कॉम्प्युटरचा एसएमपीएस उघडू नका. आपल्या घरातली २३० व्होल्टची वीज त्यात आधी डीसी होते आणि मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट साठतात. प्लग काढल्यावरही ते काही काळ तिथेच असतात. लॅपटॉप चार्जर आणि यूपीएसलाही हाच नियम. जुना डबा मॉनिटर तर त्याहून वाईट, त्यात हजारो व्होल्ट असतात आणि काचेची नळी फुटली तर तुकडे उडतात.

चार्जिंगच्या वायरलेस माऊसमध्ये, हेडफोनमध्ये आणि पॉवर बँकेत लिथियम बॅटरी असते. ती फुगलेली दिसली तर टोचायची नाही, दाबायची नाही, वापरायची तर अजिबात नाही.

उरलेलं कुठे द्यायचं?

सगळं काढून घेतल्यावरही प्लास्टिक, बोर्ड, तारा उरतातच. हे घंटागाडीत टाकलं तर कचराकुंडीत जातं. भंगारात दिलं तर अनेकदा तांब्यासाठी तारा जाळल्या जातात आणि धातूंसाठी बोर्ड अ‍ॅसिडमध्ये बुडवले जातात. तो धूर आणि ते अ‍ॅसिड झेलतो तिथे काम करणारा माणूस.

संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला. त्यातला फक्त २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे. भारतात १ एप्रिल २०२३ पासून ई-कचरा व्यवस्थापनाचे नवे नियम लागू झाले. त्यानुसार ई-कचऱ्याच्या रिसायकलिंगची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर आहे आणि ते काम नोंदणीकृत रिसायकलरकडूनच व्हावं लागतं. अशा रिसायकलरची यादी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर मिळते. काही सोसायट्या आणि महापालिका ई-कचरा गोळा करतात, त्याचीही चौकशी करा. हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह देताना आधी डेटा पुसा.

तर येत्या रविवारी तो ड्रॉवर उघडा आणि तीन ढीग करा. एक दुरुस्त होणाऱ्यांचा, एक सुटे भाग काढायचा आणि एक रिसायकलरकडे द्यायचा. पहिल्या दोन ढिगांत जेवढं जास्त जाईल, तेवढे तुमचे पैसे वाचतील. आणि ओळखीत कुणाला त्या एका मोठ्या बटणाची गरज असेल, तर सुरुवात तिथूनच करा.