ऑन ऑन, बोरी बुद्रुक!

पळायचं, वाट चुकायचं आणि मग सगळ्यांनी मिळून गारेगार काहीतरी प्यायचं... 'हॅश'चा फंडा एवढाच. पण हाच फंडा पुण्यातून उचलून जुन्नरच्या उसात नेला तर?

शनिवारी दुपारी तीन वाजता तुम्ही काय करत असता? झोप? मॉल? की सोमवारच्या प्रेझेंटेशनचं टेन्शन? गेल्या हिवाळ्यातल्या एका शनिवारी मी त्या वेळी बोरी बुद्रुकच्या एका तिठ्यावर उभी होते. पायाशी एक मोठ्ठं पांढरं वर्तुळ. बरोबर माझ्यासारखेच तेराजण, म्हणजे आयटीवाले, बँकवाले, एक डेंटिस्ट आणि एक सीए. सगळे घामाघूम आणि सगळे एकमेकांना विचारतायत, "आता कुठे?"

आमच्या भाषेत त्या वर्तुळाला 'चेक' म्हणतात. गावाने त्याला भलतंच काहीतरी म्हटलं होतं. ते सांगतेच, पण आधी बेसिक्स.

हॅश म्हणजे काय, बुवा?

नावावर जाऊ नका, नशेच्या त्या हॅशशी याचा काडीचा संबंध नाही. 1938 साली क्वालालंपूरमध्ये ए. एस. गिस्पर्ट नावाच्या ब्रिटिश अकाउंटंटने मित्रांना जमवलं आणि संध्याकाळचं पळणं सुरू केलं. ऑफिस, क्लब, बिअर, पुन्हा ऑफिस. तेव्हाच्या गोऱ्या साहेबांचं रुटीन आपल्यापेक्षा फार वेगळं नव्हतं म्हणा ना! यातले बरेचजण सेलांगोर क्लबच्या ज्या इमारतीत जेवायचे, तिथलं जेवण इतकं बेचव होतं की तिचं नावच पडलं होतं 'हॅश हाउस'. तेच नाव क्लबला चिकटलं: हॅश हाउस हॅरियर्स.

गिस्पर्ट 1942 मध्ये सिंगापूरच्या लढाईत मारला गेला. युद्ध संपल्यावर उरलेल्या मित्रांनी 1946 मध्ये पळणं पुन्हा सुरू केलं. 1950 मध्ये क्लबची सरकारदरबारी नोंदणी करायची वेळ आली, तेव्हा उद्दिष्टं काय लिहिली असतील? फिटनेस वाढवणं, वीकएंडचा हँगओव्हर उतरवणं, चांगली तहान लागेल असं पळून ती बिअरने भागवणं आणि वय झालेल्यांना 'तुम्ही समजता तेवढे म्हातारे नाही आहात' हे पटवून देणं. कॉर्पोरेट मिशन स्टेटमेंट असावं तर असं!

आज जगभर असे हजारांहून जास्त ग्रुप आहेत. हेडऑफिस नाही, बॉस नाही. दर दोन वर्षांनी भरणारा त्यांचा जागतिक मेळा, 'इंटरहॅश', 2002 मध्ये आपल्या शेजारी गोव्यात भरला होता.

खेळ असा. एकजण होतो 'हेअर', म्हणजे ससा. तो आधी जाऊन पिठाच्या, खडूच्या किंवा कागदाच्या खुणा टाकत वाट आखतो. बाकीचे 'हाउंड्स', म्हणजे शिकारी कुत्रे, त्या खुणा हुंगत निघतात. मध्येच वर्तुळ येतं. तिथून खरी वाट कुठल्याही दिशेला फुटू शकते, आणि काही वाटा मुद्दाम खोट्या! पुढे असलेले हौशी वीर चारी दिशांना पळतात, फसतात, परत येतात. ज्याला खरी वाट सापडते तो ओरडतो, "ऑन ऑन!" की सगळे त्याच्या मागे.

यातली गंमत कळली का? जो जास्त जोरात पळतो, तोच जास्त चुकतो. तोवर मागचे लोक गप्पा मारत आरामात चेकपर्यंत पोचतात. म्हणजे फास्ट आणि स्लो, दोघं शेवटी एकत्रच!

हे माझ्यासाठी फार महत्त्वाचं आहे. मी स्लो आहे. हॅशच्या आधी मी एका रनिंग ग्रुपमध्ये होते. तिथे सगळ्यांच्या मनगटावर घड्याळं आणि तोंडात 'पेस'. तीन महिने मी रोज शेवटी पोचायचे. एका रविवारी पोचले तर ग्रुप फोटो काढून सगळे नाश्त्याला निघूनही गेले होते. कुणी वाईट नव्हतं, हं. त्यांना फक्त मी मागे आहे हे लक्षातच राहिलं नव्हतं. त्यानंतर मी त्या ग्रुपमध्ये गेले नाही.

"पीठ मातीत घालता?"

तर, आमच्या ग्रुपमधल्या एकाच्या मामाचं गाव बोरी बुद्रुक. जुन्नर तालुका, कुकडी नदीचा काठ. पुणे-नाशिक हायवेने नारायणगावपर्यंत जायचं आणि उजवीकडे वळायचं. या भागात आल्यावर खोडदच्या जीएमआरटीच्या अवाढव्य थाळ्या दिसतात. एकेक थाळी 45 मीटर व्यासाची, अशा एकूण तीस! 'हटके लोकेशन' म्हणून आम्ही सगळे जाम एक्साइटेड.

प्लॅन होता टिपिकल: संध्याकाळी साडेपाचला पळायला सुरुवात, सातला थंड बिअर. मामांनी फोनवर एका वाक्यात त्याचे बारा वाजवले. "तीनला सुरू करा, पाचच्या आत घरात. आणि बाटली गावात आणायची नाही."

दुपारी एकला आमचा ससा मैद्याची पिशवी घेऊन वाट आखायला निघाला. तासाभरात मामांचा फोन वाजायला लागला. शेतातून परतणाऱ्या एक काकू तिठ्यावर थबकल्या होत्या, पुढे यायलाच तयार नव्हत्या. भर रस्त्यात पांढरं वर्तुळ, मध्ये ठिपका. कुणीतरी उतारा टाकलाय!

तुम्ही हसाल. आम्हीही हसलो, पण मामा हसले नाहीत. "तुम्ही संध्याकाळी जाल पुण्याला. इथे महिनाभर चर्चा चालेल, कुणी केलं, कुणावर केलं." तसंही पांढऱ्या पुडीने घोटाळा होणं नवीन नाही. 2007 मध्ये अमेरिकेत न्यू हेवनला एका फर्निचरच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये हॅशवाल्यांनी पिठाच्या खुणा टाकल्या होत्या, तर विषारी पावडर समजून पोलिसांनी अख्खं दुकान रिकामं केलं! प्रत्येक गावाची भीती वेगळी, एवढंच.

आजींचा आक्षेप आणखी वेगळा होता. त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "पीठ मातीत घालता? खायचं पीठ?" यावर आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं.

मग मामांनीच सूत्रं हातात घेतली. मैदा आजींच्या डब्यात गेला. ओळखीच्या एका पोराकडून कबड्डीच्या मैदानावर टाकतात ती फक्की आली. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज गेला: पांढऱ्या खुणा आमच्या पाहुण्यांच्या आहेत, खेळ आहे, संध्याकाळी पुसतील. आणि सशाबरोबर मामा स्वतः वाट आखायला गेले. कुठली वाट कुणाच्या बांधावरून जाते, कुठे कुत्रं सुटं असतं, हे त्यांना माहीत. मॅपवर हे काही दिसत नाही.

नदीकाठची राख

पहिला अर्धा तास मात्र धम्माल! दोन खोट्या वाटा, एक ओढा, आणि घड्याळवाल्या सीएने बरोब्बर उलट्या दिशेला मारलेली सॉलिड धाव. मी आरामात चेकवर पोचले तेव्हा तो परत येत होता, घामाने निथळत. जीव सुखावला, खोटं कशाला बोला?

मग वाट कुकडीच्या दिशेने वळली. नदीच्या जरा अलीकडे मामांनी खुणा मुद्दाम थांबवल्या होत्या. "इथून पुढे पळायचं नाही, उभं राहून बघायचं." नदीने कापलेल्या काठात एक फिकट, पांढरट-राखाडी थर असतो. ती राख आहे. ज्वालामुखीची!

बोरीची ही राख जगभरच्या भूशास्त्रज्ञांना ठाऊक आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी 1980च्या दशकात तिच्यावर काम केलं. तिच्या सोबतीने इथे आदिमानवाची दगडी हत्यारंही सापडली. राख आली कुठून? बहुतेकांचं बोट इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीकडे जातं. म्हणजे इथून सुमारे तीन हजार किलोमीटर! टोबाचा सगळ्यात मोठा स्फोट सुमारे 74 हजार वर्षांपूर्वीचा. बोरीची राख त्याच स्फोटातली, असं काहींचं म्हणणं. ती त्याहून कितीतरी जुनी, काही लाख वर्षांची आहे, असं दुसऱ्यांचं. वय ठरलं की त्या हत्यारांचंही वय ठरणार, म्हणून हा वाद महत्त्वाचा.

आणि म्हणूनच तिथे आमची फक्की नको होती. अभ्यासकांच्या थरावर आपली पांढरी पूड कशाला?

उसाच्या कडेने

परतीच्या वाटेवर माझी चूक झाली.

मामांचा नियम होता: जोडीने पळायचं. बिबट्यामुळे. जुन्नरमध्ये बिबट्या म्हणजे काही बातमी नव्हे, शेजारी आहे. कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी पाणी आलं, पाण्याने ऊस आला आणि उंच, दाट, गारव्याच्या उसात बिबट्या राहायला आला. त्याची पिल्लंही तिथेच जन्मतात. जखमी आणि पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहला केंद्रच आहे. 2025च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेडच्या परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांसकट माणसं गेली. लोकांनी पुणे-नाशिक हायवे अडवला होता. हे सगळं मी वाचलेलं होतं. पण वाचणं वेगळं.

शेवटच्या चेकवर माझी जोडीदार पाणी प्यायला थांबली आणि मला, आयुष्यात पहिल्यांदा, सगळ्यांच्या आधी एक खूण दिसली. झालं! मी सुटले. एक खूण, दुसरी खूण, मग काहीच नाही. खोटी वाट. दोन्ही बाजूंना ऊस. मागे वळून पाहिलं तर कुणीच नाही. "ऑन ऑन"चा आवाज कुठूनतरी लांबून येत होता, पण कुठून ते कळेना. लेस सुटली होती म्हणून मी खाली वाकले.

"ताई, बसू नका! उभ्या राहा!"

मोबाइलवर फुल आवाजात गाणी लावून, हातात काठी घेऊन एक काका येत होते. "वाकलेलं माणूस त्याला जनावर वाटतं. एकट्याच का?"

"नाही, मागे ग्रुप आहे," मी म्हणाले. दोघांनीही मागे पाहिलं.

काका काही बोलले नाहीत. गाणी तशीच चालू ठेवून मला चेकपर्यंत सोडायला आले. वाटेत मी विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते की. पण लाइटची पाळी रात्रीची असली की दारं धरायला यावंच लागतं. उसाला पाणी कोण देणार?" मग हसून म्हणाले, "तुम्ही हौसेनं पळता. आम्हीपण पळतो कधी कधी."

चेकवर माझी जोडीदार रडवेली होऊन उभी होती. बाकीचे तेराही थांबले होते. कुणीही पुढे गेलं नव्हतं.

पब कुठेय?

हॅश संपला की 'सर्कल' होतं. सगळे गोल उभे राहतात आणि दिवसभरातल्या 'गुन्ह्यां'ची शिक्षा म्हणून ग्लास एका दमात रिकामा करायचा: 'डाउन डाउन'. आमचा पब म्हणजे मामांचं अंगण आणि ग्लासात उसाचा ताजा रस, आलं-लिंबू घालून. पहिली शिक्षा मला, जोडी सोडल्याबद्दल. दुसरी सशाला, उसाच्या कडेला खोटी वाट टाकल्याबद्दल. तिसरी मामांनी आम्हा सगळ्यांना दिली: "चौदाजण गेलात. परत आल्यावर मुंडकी कुणी मोजली? कुणीच नाही. प्या!" काकाही चहाला म्हणून आले होते, त्यांनीही रसाचा ग्लास उचलला.

मग मासवडी, रस्सा, बाजरीची भाकरी. त्याआधी उजेड होता तोवर चौघांनी झाडूने सगळ्या खुणा पुसल्या. तिठ्यावरचं वर्तुळ सगळ्यात आधी.

रात्री दहाला आम्ही पुण्यात नेहमीच्या पबमध्ये होतो. खरी बिअर, मोठं म्युझिक, पायात अजून बोरीची माती. आमच्या सशाचा फोन वाजला. मामा होते. त्याने स्पीकरवर टाकला.

"पोचलात का? मोजलं का?"

आम्ही तिथेच, टेबलाभोवती, मोठ्याने मोजलं. चौदा.

"बरं," मामा म्हणाले. "लाइट आलीय. मी निघतो दारं धरायला."

तुम्हालाही हॅश करायचाय? मग हे लक्षात ठेवा

• ससा त्या गावचा असावा, किंवा गावचं माणूस त्याच्याबरोबर असावं. कुणाच्या शेतातून जाणार ते आधी विचारा.
• खाण्याचं पीठ नको, फक्की किंवा खडू वापरा. गावाला आधी कळवा आणि निघण्यापूर्वी खुणा पुसा.
• बिबट्याच्या भागात अंधार पडायच्या बराच आधी संपवा. जोडीने राहा, बोलत राहा, उसाजवळ वाकू किंवा बसू नका.
• सगळ्यात शेवटी कोण येणार ते ठरवा, त्याच्याकडे शिट्टी द्या. निघताना आणि पोचल्यावर माणसं मोजा.
• नदीकाठची राख आणि दगड जिथे आहेत तिथेच राहू द्या.
• पिणार असाल तर गाडी चालवणारा न पिणारा हवा. आम्ही ड्रायव्हरसकट टेम्पो ट्रॅव्हलर केली होती.