फौजेचे पेन्शन, अपंगत्वाचा टक्का आणि उसातले पाचट

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते



या अंकात खोडव्याच्या खतमात्रेविषयी लिहायचे ठरले होते. ते पुढच्या अंकात घेऊ. मध्यंतरी ठाण्याला जाणे झाले. तिथे जे पाहिले-ऐकले त्याचा आपल्या गटातल्या बऱ्याच घरांशी संबंध आहे. एक भाऊ शेतीत, एक फौजेत आणि एक मुंबई-ठाण्याकडे, अशी घरे आपल्याकडे गावोगाव आहेत. फौजेतला भाऊ रिटायर झाला की पुष्कळदा तोही कल्याण-डोंबिवलीकडेच सरकतो, कारण वॉचमनची का होईना, नोकरी तिकडे मिळते.

माझे थोरले दाजी असेच. तोफखान्यात चोवीस वर्षे काढून हवालदार म्हणून सुटले. डोंबिवलीत बिऱ्हाड आहे, ठाण्यात एका इमारतीवर रात्रपाळी करतात. तोफेशेजारी उभे राहून राहून डावा कान अधू झाला. सुटताना मेडिकल बोर्ड बसले, कानाची तपासणी झाली आणि कागदावर आले, अपंगत्व १५ ते १९ टक्के. त्यामुळे नेहमीचे पेन्शन मिळाले, अपंगत्वाचे काही मिळाले नाही. आक्काने फोन केला, "तुला कागद वाचता येतात, एकदा येऊन जा." म्हणून गेलो.

ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करायला आम्ही डोंबिवलीहून लोकलने निघालो. हातातली फाईल बघून शेजारचे गृहस्थ म्हणाले, "फौजी का? तुमचं बरं आहे. जाताना बीपी लिहून घेतलं की अपंगाचं पेन्शन चालू. सगळेच घेतात." मला राग आला. दाजी मात्र शांत. गृहस्थ डाव्या बाजूला बसले होते. उतरल्यावर दाजींनी विचारले, "काय म्हणत होते ते?" मी म्हणालो, गर्दीचं बोलत होते.

पण त्या गृहस्थाचे बोलणे अगदीच हवेतले होते असेही नाही. म्हणून हिशेब नीट मांडतो.

लष्करातील अपंगत्व पेन्शनला मुख्य दोन अटी. दुखणे नोकरीमुळे झालेले किंवा नोकरीमुळे वाढलेले असले पाहिजे, आणि बोर्डाने ते निदान २० टक्के धरलेले पाहिजे. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के रक्कम मिळते, त्याखाली टक्क्याच्या प्रमाणात. (लढाईत जखमी झालेल्यांचा दर वेगळा, आणि जास्त.) याच्यावर आणखी एक सवलत आहे. सरकारच्या २००१ च्या पत्राप्रमाणे ५० च्या आतला टक्का ५० धरतात, ५० ते ७५ चा ७५ आणि त्यावरचा १००. आजारपणामुळे मुदतीआधी घरी पाठवलेल्यांसाठी ही सवलत होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये ती पूर्ण नोकरी करून सुटलेल्यांनाही लागू केली.

आता बघा. १९ टक्के लिहिले तर शून्य. २० लिहिले तर ५०. मध्ये एका टक्क्याचा बांध, आणि बांधाच्या पलीकडे सगळे पाणी. दाजी अलीकडे राहिले. पूर्ण नोकरी करून सुटलेल्याचा टक्का २० च्या खाली असेल तर ही सवलत मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये सांगितले आहे. म्हणजे कोणी लबाडी केली नाही, कोणी नियम मोडला नाही, तरी कान गेलेला तोफची रिकाम्या हाताने घरी. बांध इतका मोठा असेल तर टक्का थोडा वर सरकवून घेण्याचा मोह किती होत असेल, हे सांगायला नको.

दुसरी गोष्ट पगाराची. जवानाचा शेवटचा पगार ४०,००० धरला तर ५० टक्क्यांना महिना ६,००० होतात. तेच दुखणे, तोच टक्का, पण पगार २,००,००० असलेल्या मोठ्या अधिकाऱ्याला ३०,०००. सातव्या वेतन आयोगाने २०१५ मध्ये यावर बोट ठेवले. वरच्या हुद्द्यांवर अशा पेन्शनी वाढत चालल्याचे त्यांनी नोंदवले आणि शंभर टक्क्यांना ठरावीक रक्कम सुचवली: अधिकारी २७,०००, जेसीओ १७,०००, जवान १२,०००. सरकारने २०१६ मध्ये ते मान्यही केले. त्यावर माजी सैनिकांत मोठा असंतोष झाला आणि २०१७ मध्ये मंत्रिमंडळाने टक्केवारीची जुनी पद्धत कायम ठेवली. वरच्या उदाहरणातल्या जवानाला दोन्ही पद्धतीत ६,०००च येतात, हे मी कागदावर दोनदा करून पाहिले. फरक पडणार होता तो वरच्या पगारांना. अर्थात मुलकी नोकरांना टक्केवारी आणि सैनिकाला ठरावीक रक्कम हे कसे, हा त्यांचा प्रश्नही खोटा नव्हता.

पुढे २०२३ मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेत आला. दरवर्षी सुटणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी शेकडा चाळीसच्या आसपास आणि जवानांपैकी अठराच्या आसपास लोकांना हे पेन्शन लागते, आणि त्यांतला बराच भाग रक्तदाब-मधुमेहासारख्या दुखण्यांचा आहे, असे त्यात दिसते. लोकलमधल्या गृहस्थाच्या कानावर हेच आले असणार. पण "सगळेच" कुठे? जवानांत शंभरातले ब्याऐंशी हे पेन्शन घेतच नाहीत. आणि रक्तदाब म्हणजे लबाडी असेही नव्हे. बर्फात, घरापासून लांब, वर्षानुवर्षे अर्धी झोप घेणाऱ्याला साखर आणि बीपी लवकर धरले तर नवल काय? दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये एका मधुमेहाच्या प्रकरणात हेच सांगितले. नुसते "राहणीमानाचा आजार" म्हणून भागणार नाही, नोकरीशी संबंध का नाही ते बोर्डाने कारण देऊन लिहावे.

याचे मूळ २०१३ च्या धरमवीर सिंग निकालात आहे. सिग्नलमधला हा जवान नऊ वर्षांच्या नोकरीनंतर फिट येतात म्हणून घरी पाठवला गेला, वर "नोकरीशी संबंध नाही" असा शेरा. सर्वोच्च न्यायालय म्हणाले, भरती करताना तुम्हीच याला तपासून घेतले आणि तेव्हा दुखण्याची नोंद केली नाही, म्हणजे तो धडधाकट आला. आता दुखणे नोकरीमुळे झाले नाही हे दाखवायची जबाबदारी तुमची, शंकेचा फायदा त्याला. हा निकाल माझ्या मते सोळा आणे बरोबर आहे. साध्या जवानाने दहा वर्षांपूर्वीच्या रात्रपाळीचा पुरावा कुठून आणायचा?

मग लबाडी होत असेल तर तिचे काय? आपल्याच काट्याचे उदाहरण घ्या. गाडीत पाचट, वाढे आणि कोवळा ऊस भरून वजन वाढवणारे पाच-दहा जण असतात. उतारा मात्र साऱ्या कारखान्याचा सरासरी धरतात, भाव त्यावर ठरतो, आणि स्वच्छ ऊस घालणाराही त्यात कमी पैसे घेतो. याला उपाय गव्हाणीपाशीच गाडी बघण्याचा. साऱ्या गटाचा भाव कापणे हा उपाय नव्हे. फौजेतही तपासणी बोर्डाच्या टेबलावर कडक हवी, आणि हुद्दा बघून सैल होता कामा नये. सरकारने २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आणले. पूर्ण नोकरी करून सुटणाऱ्यांसाठी त्यात "इम्पेअरमेंट रिलीफ" असा वेगळा प्रकार आहे. त्यापूर्वी सुटलेल्यांना ते लागू नाहीत. अशा नियमांची खरी परीक्षा वरच्या पगारावर होत नाही, ज्याला अपील कसे करायचे ते ठाऊक नाही त्या शिपायावर होते.

कारण गैरफायदा घेणाऱ्यापेक्षा हक्क सोडून देणारेच मला जास्त दिसतात. आपल्या गटातच एक सभासद आहेत, त्यांचा मुलगा गस्तीवर गुडघा मोडून आला. इजा झाली तेव्हाचा अहवाल युनिटमध्ये झाला की नाही हेच घरात कोणाला माहीत नाही. लागणीची नोंद वेळेवर केली नाही की तोडीला मागे पडतो, तसेच हे. दुखापतीचा अहवाल त्याच वेळी लिहवून घ्यायचा, दवाखान्याचे कागद जपायचे, सुटताना बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत मागायची. दावा नामंजूर झाला तर आदेशावर तारीख बघून सहा महिन्यांच्या आत पहिले अपील, मग दुसरे, आणि त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे.

दाजींचे अजून व्हायचे आहे. कान आता पहिल्यापेक्षा बराच उतरला आहे, म्हणून पुन्हा तपासणीसाठी अर्ज लिहिला. खिडकीवर कारकून हळू आवाजात विचारत होता आणि दाजी प्रत्येक वेळी माझ्याकडे बघत होते. शेवटी मी म्हणालो, साहेब, यांना ऐकू येत नाही म्हणूनच तर आलोय, जरा मोठ्याने बोला. मग तो बिचारा उठून जवळ आला आणि फॉर्म भरायला त्यानेच मदत केली.

ज्यांच्या घरी फौजेतून सुटलेला माणूस आहे आणि नामंजुरीचा कागद ट्रंकेत पडून आहे, त्यांनी त्याची झेरॉक्स गुरुवारी गटकचेरीत आणावी. मी त्या दिवशी ऊस नोंदी तपासायला बसलेला असतो. मूळ कागद आणू नयेत, कचेरीत पावसाचे पाणी गळते.