विहिरीतला सूर आणि पूलमधला ‘डीक्यू’

पाणलोटाच्या कामांनी हिवरे बाजारच्या विहिरींना पाणी आलं. विहिरीत शिकलेल्या पोरांचा दम मोठा असतो. पण स्पर्धेत नियम माहीत नसेल, तर पहिला येणाराही बाद होतो. यालाच म्हणतात डीक्यू.

तर ऐका.

स्टार्टिंग ब्लॉक: सूर मारायचा ओटा. ‘टेक युअर मार्क्स’ झालं की पुतळ्यासारखं थांबायचं. सिग्नलआधी सुटलात की फॉल्स स्टार्ट, दुसरा चान्स नाही.

१५ मीटर: सूर किंवा टर्ननंतर फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये इथपर्यंत डोकं पाण्याबाहेर यायलाच हवं. लांब बुडी मारायची सवय इथे महागात पडते.

झेंड्या: भिंतीपासून ५ मीटरवर. बॅकस्ट्रोकला भिंत दिसत नाही. झेंडी दिसली की हात मोजायचे.

टचपॅड: भिंतीवरची पाटी. नीट दाबली की घड्याळ थांबतं. ब्रेस्टस्ट्रोक, बटरफ्लायला दोन्ही हात एकाच वेळी लागले पाहिजेत.

कोल्हापूरच्या वीरधवल खाडेनं २०१०च्या ग्वांगझू एशियाडमध्ये ५० मीटर बटरफ्लायचं ब्राँझ जिंकलं. मोठ्या पूलची एकच लांबी, टर्न नाही. पण शेवट दोन हातांनीच!

ट्रायलला जाणाऱ्या दोस्ताला हा एपिसोड आजच पाठवा. भेटू!