टिळकांची गाणी आणि लक्ष्मीबाईंची पाच वर्षं

ज्याची गाणी लोकांच्या तोंडी आहेत असा माणूस धर्म बदलतो, तेव्हा त्याच्यामागून कोण जातं, आणि का? नगरपुरता हा प्रश्न रेव्हरंड ना. वा. टिळकांचा आहे. टिळक पेशाने गवई नव्हते. कवी होते, कीर्तन करायचे. १० फेब्रुवारी १८९५ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम केलं.

आता लक्ष्मीबाईंकडे या. नवरा गेला म्हणून बायको गेली, असं आपण सहज म्हणून टाकतो. पण त्यांचा बाप्तिस्मा १९००चा, म्हणजे मध्ये पाच वर्षं. त्यातला बराच काळ त्या वेगळ्या राहिल्या, सोवळंओवळं कडक पाळत. 'स्मृतिचित्रे' वाचा. त्यांचं मन आधी वळलं ते जातीच्या प्रश्नावर. जाती देवाने केल्या की माणसाने? माणसाने, असं एकदा पटल्यावर त्यांनी कुणाच्याही हातचं पाणी प्यायचं ठरवलं. धर्म त्यानंतर आला. तत्त्वज्ञानात आपण कारण वेगळं आणि समर्थन वेगळं मानतो ना? टिळक हे फार तर कारण होते. समर्थन बाईंनी स्वतः शोधलं, तेही शाळेत न जाता! (मला तर या जोडप्यात खरं तत्त्वज्ञ डोकं त्यांचंच वाटतं.)

बालकवींचं उदाहरण याच्या उलट. ठोमरे नगरला टिळकांच्या घरी मुलासारखे राहिले, कवितेचे संस्कार घेतले, आणि हिंदूच राहिले. टिळकांची माया त्यामुळे कमी झाली नाही.

मग गाण्यांनी केलं काय? ख्रिस्ती कीर्तन नगरला टिळकांच्या आधीपासून होतं. कृष्णराव सांगळ्यांचं नाव त्यात मोठं. पण उपासनेत भाषांतरित गीतं आणि विलायती चालीही होत्या. नगर जिल्ह्यातले बहुतेक ख्रिस्ती महार-मांग समाजातून आलेले. भजन त्यांच्या कानात आधीच होतं. टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात, ओवीत आणलं. तुकोबांना त्यांनी सोडलं नाही, उलट तुकोबांच्याच वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोचलो असं ते मानत. म्हणून ही गाणी नव्यांना ओढण्यापेक्षा, जे आधीच आले होते त्यांना जास्त उपयोगी पडली. धर्म बदलला तरी मराठीपण सोडावं लागत नाही, हे ती गाताना कळत होतं. 'उपासना संगीत' या पुस्तकातून मराठी चर्चमध्ये ती आजही गातात.