उसाची जात खरेच बिघडते का?



प्रवरा-मुळाकाठी शिवारफेरीला गेलो की एक तक्रार हमखास कानावर येते : "साहेब, ८६०३२ पहिल्यासारखी राहिली नाही. शेजारच्या तुऱ्यानं जात बिघडली." यात कितपत तथ्य आहे ते पाहू.

पिकाचे गुण गुणसूत्रांतून पुढच्या पिढीत जातात. पराग व बीजांड तयार होताना ही गुणसूत्रे आधी जोडीने बसतात, मग निम्मी-निम्मी वाटली जातात. गव्हात ४२ गुणसूत्रे, पण जोडीदार ठरलेले. म्हणून घरचे बी पेरले तरी तोच गहू येतो. उसाचा मामला निराळा. आजचा ऊस म्हणजे जाड, गोड ऊस आणि कांस जातीचा चिवट रानऊस यांचा संकर. त्यात शंभरावर गुणसूत्रे असतात आणि एकेकाच्या आठ-दहा प्रती. एवढ्या भावंडांत कोण कोणाशेजारी बसेल याचा नेम नाही; एखादे एकटेही राहते. त्यामुळे एकाच तुऱ्यातल्या दोन बियांची रोपे सारखी निघत नाहीत. म्हणून तर नवी जात काढायला हजारो रोपांतून निवड करीत दहा-बारा वर्षे जातात. को ८६०३२ ही को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांच्या संकरातून अशीच निवडलेली आहे. राहुरी विद्यापीठाच्या पाडेगाव केंद्राने १९९६ साली ती आपल्याला दिली.

पण आपण बी पेरत नाही, टिपरी लावतो. डोळा फुटताना पेशींची हुबेहूब नक्कल होते; जोड्यांची ही उलथापालथ तिथे होतच नाही. शेजारचा पराग कितीही उडाला तरी टिपरीच्या डोळ्याला तो शिवत नाही. सबब, तुऱ्याने जात बिघडत नाही.

मग उतारा का घटतो? दोष बेण्यात आहे. काणी, गवताळ वाढ हे रोग टिपरीबरोबर वर्षानुवर्षे पुढे जातात. खोडव्याचे बेणे आणि दुसऱ्या जातीची भेसळ त्यात भर घालते.

तेव्हा एवढे करा :

१) दर तीन-चार वर्षांनी बेणे बदला.
२) बेणेमळ्यातील ९ ते ११ महिन्यांचेच बेणे घ्या. मूलभूत बेण्यास ५४ अंश सेल्सिअस उष्ण बाष्पहवेची अडीच तास प्रक्रिया झालेली असावी.
३) काणीचा चाबूक दिसताच त्यावर पोते घालून तो कापा, बेट मुळासकट उपटून जाळा.
४) तुरा आलेला ऊस बेण्यास नको, जात बिघडते म्हणून नव्हे, तर त्याची वाढ थांबलेली असते म्हणून.

बेणे हवे असल्यास गावच्या चिटबॉयकडे वेळीच नोंद करावी. जात शाबूत आहे. बेणे तेवढे आपण सांभाळू या.

— ऊस विकास अधिकारी