प्लास्टर निघाले, आता पाऊल टाकायचे कसे?

प्लास्टर निघाले म्हणजे पाय बरा झाला, असे अनेकांना वाटते. मग बारीक झालेली पोटरी, आखडलेला घोटा आणि संध्याकाळी चढणारी सूज पाहून धीर सुटतो. खरे तर हे अपेक्षितच असते. पावलात २६ हाडे असतात. मोडलेले हाड बहुतेक वेळा ६ ते ८ आठवड्यांत जुळते. पण तेवढ्या काळात स्नायू अशक्त होतात आणि तोल सांभाळण्याची सवयही मोडते. ती परत मिळवण्यासाठी फिजिओथेरपी लागते.

सुरुवात बसूनच होते. पाऊल वर-खाली करणे, घोटा गोल फिरवणे, जमिनीवर पसरलेला टॉवेल पायाच्या बोटांनी जवळ ओढणे. पायावर भार कधी आणि किती द्यायचा, हे डॉक्टरांनाच विचारावे. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा पाय टाकावा. पुढे ओट्याला धरून एका पायावर उभे राहण्याचा सराव करावा.

व्यायामानंतर थोडे दुखणारच. दुसऱ्या दिवशीही दुखणे वाढलेले असेल, तर व्यायाम कमी करावा. बंद करू नये. भार देण्याची परवानगी मिळूनही भीतीपोटी पाय टेकवला नाही, तर लंगडण्याची सवय लागते आणि गुडघा, कंबरही कुरकुरू लागते.

मात्र पोटरी अचानक सुजून दुखू लागली, तर ती चोळू नये. रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. दम लागला किंवा छातीत दुखले, तर तातडीने रुग्णालय गाठावे.