बुचाचा वास आणि प्लॅस्टिकचा सापळा

लोणचे ठेवलेला प्लॅस्टिकचा डबा कितीही घासला तरी त्याचा वास जात नाही. हळदीचा पिवळा डाग तर जन्माचा सोबती! प्लॅस्टिकचा हाच दुर्गुण मद्य तयार करणाऱ्यांच्या उपयोगी पडला आहे. मद्याचा विषय विद्यार्थ्यांच्या मासिकात कशाला, असे काही पालकांना वाटेल. पण आपल्याला येथे प्यायचे काहीच नाही, रेणूंचा प्रवास तेवढा पाहायचा आहे.

द्राक्षमद्याच्या बाटलीचे बूच हे एका जातीच्या ओक वृक्षाची साल असते. (आपल्याकडील पांढऱ्या सुवासिक फुलांचे बुचाचे झाड निराळे.) जगातील सुमारे निम्मे बूच एकट्या पोर्तुगालात निघते. झाड २५ वर्षांचे झाले की साल प्रथम सोलतात, मग दर ९ वर्षांनी. आणि बाटलीच्या बुचाजोगी साल मिळते ती तिसऱ्या सोलणीपासून. इतक्या सायासाने मिळवलेले हे बूच कधी कधी घात करते. बाटली उघडावी, तो ओल्या गोणपाटासारखा कुबट वास!

या वासाचे मूळ स्वित्झर्लंडमधील हान्स टॅनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१च्या सुमारास शोधून काढले. २,४,६-ट्रायक्लोरोॲनिसोल हे त्याचे नाव. आपण टीसीए म्हणू. पूर्वी बुचे क्लोरीनने विरंजित करीत. क्लोरीनच्या क्रियेने क्लोरोफिनॉले तयार होतात. ती बुरशीला विषारी, म्हणून बुरशी त्यांना मिथिल गट जोडून त्यांचे विष काढून टाकते. बुरशी सुटते, मद्य बिघडते. पिणाऱ्याला त्याने अपाय होत नाही, पण वर्षभराची मेहनत मोरीत ओतावी लागते.

आणि त्याला टीसीए लागते किती? लिटरला ५ नॅनोग्रॅम पुरे! १०० मीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच खोल हौद मद्याने भरला, तर त्यात अवघे ५ ग्रॅम. तरी प्रत्येक लिटरमध्ये त्याचे सुमारे १४ लाख कोटी रेणू असतात.

हे रेणू वेचायचे कसे? येथे पॉलिथीन हे बहुवारिक मदतीला येते. त्याच्या लांबलचक साखळ्यांत फक्त कार्बन व हायड्रोजन. पाण्याच्या रेणूंना विद्युत्‌दृष्ट्या दोन टोके असतात. ते एकमेकांना धरून राहतात आणि तेलकट टीसीएला त्यांच्यात नीटशी जागा मिळत नाही. पॉलिथीनमध्ये मात्र त्याला घर मिळते. ते पृष्ठभागावर नुसते चिकटत नाही, तर साखळ्यांमधील सैल जागांतून आत शिरून विरघळते.

पण सगळेच रेणू आत जात नाहीत. काही परतही येतात आणि शेवटी समतोल होतो. समजा, मद्यापेक्षा पॉलिथीनमधील संहती १०,००० पट झाल्यावर हा समतोल होतो आणि पॉलिथीनचे आकारमान मद्याच्या एक सहस्रांश आहे. मग मद्यात टीसीएचा १/११ भाग उरेल. आता तेच पॉलिथीन निम्मे निम्मे करून दोनदा वापरा. पहिल्या वेळी १/६ उरेल, दुसऱ्या वेळी त्याचा १/६, म्हणजे १/३६! हा हिशेब स्वतः करून पाहा; कपडे एकदाच भरपूर पाण्यात खळबळण्यापेक्षा थोड्या थोड्या पाण्यात दोनदा का खळबळावेत, तेही कळेल. पत्रा पातळ केला, मद्य ढवळले, तर काम लवकर होते. समतोल मात्र बदलत नाही.

ब्रँडी-व्हिस्कीत ४० टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असते. अल्कोहोलच्या रेणूचा एक भाग स्वतःच तेलकट असल्याने टीसीए तेथे सुखाने राहते, प्लॅस्टिककडे कमी वळते. तेथे बहुवारिक अधिक लागते.

खरी अडचण पुढेच आहे. मद्याच्या सुवासाचे कितीतरी रेणूही तेलकटच असतात, आणि पॉलिथीनला चोर व साव यांतला भेद कळत नाही. म्हणून बहुवारिक भरलेल्या नळकांड्यांतून मद्य फिरवताना अधूनमधून नमुना काढून वायू-वर्णलेखनाने टीसीए मोजतात, शिवाय जाणकाराच्या नाकाखालीही धरतात. आणि कुबट वास गेला की फिरवणे तत्काळ थांबवतात.